मशीनमधले अकरा, रजिस्टरातले सात

भाजीबाजारातून आणलेली वांगी मी घरी येऊन स्वयंपाकघरातल्या काट्यावर पुन्हा तोलतो. बायको याला माझा रोग म्हणायला लागली त्याला तीस वर्षं झाली. कोणी फोनवर गोड बोललं की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, याला काय पाहिजे? बँकेचा मेसेज, डॉक्टरचं निदान, विद्यार्थ्याच्या आजीचं निधन, सगळ्याकडे मी आधी तिरक्या नजरेनेच बघतो. एका विद्यार्थ्याच्या आजीला माझ्या वर्गात चार वेळा मरण आलं होतं, तेव्हा माझं अगदीच चुकतं असंही नाही.

हा रोग घरचा आहे. माझे बाबा ऊर्जानगरला वीज केंद्रात इन्स्ट्रुमेंट विभागात होते. दाबाचे, तापमानाचे काटे दुरुस्त करणं हे त्यांचं काम. कोणत्याही काट्याकडे बघताना ते आधी काचेवर बोटाच्या पेराने दोनदा टकटक करायचे. अडकलेला काटा टकटक केली की हलतो, आणि न हलता हुशारी दाखवणारा काटा ओळखू येतो, असं त्यांचं म्हणणं. घरातल्या घड्याळावरही ते टकटक करत. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली. कोणी मोठा सांगतो म्हणून मानायचं नाही, आपण तपासून मानायचं, हे आमच्या घरात वंदनेइतकंच नेमाने ऐकू यायचं.

बाबांच्या विभागात एका लाकडी पेटीत दाब मोजणारा एक गेज ठेवलेला असे. बाकी सगळे गेज त्याच्याशी ताडून बघायचे. त्याला मास्टर गेज म्हणत. मी नववीत असताना बाबा मला एकदा तिकडे घेऊन गेले आणि ती पेटी लांबूनच दाखवली. म्हणाले, "हा दरसाली बाहेर तपासाले जाते. बाकीच्याइले जो तपासते, त्याले कोन तपासते, हे आधी पाह्यत जाय." मी मान डोलावली. पुढे इलेक्ट्रिकलचा प्राध्यापक झालो, सेन्सर शिकवायला लागलो, तेव्हा हे वाक्य मी प्रत्येक बॅचला पहिल्याच तासाला ऐकवलं. वर्गात पोरं हसायची, मीही हसायचो.

नोकरीला लागलो तेव्हा स्टाफरूममध्ये माझ्या निवडीबद्दल कुजबुज होती. तोंडावर कोणी काही बोललं नाही. पण माझा पहिला शोधनिबंध छापून आला तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्याने अभिनंदन करता करता विचारलं, "यातलं तुम्ही स्वतः किती केलंत?" मला त्याचा आजही राग येतो. त्या दिवशी मी ठरवलं की माझ्या कामात कोणाला बोट ठेवायला जागा सापडू द्यायची नाही. प्रत्येक आकडा तीनदा तपासायचा, आणि दुसऱ्याने दिलेला असेल तर पाच वेळा. यातून माझं काम चांगलं झालं आणि मित्र कमी झाले.

शरीरातून सिग्नल घेणारी यंत्रं बनवणं हा माझा विषय झाला तो एका आरोग्य शिबिरामुळे. गडचिरोलीकडच्या एका गावात कॉलेजतर्फे गेलो होतो. गडचिरोली आणि शेजारचा आमचा जिल्हा, या दोन्हींत बायांच्या अंगात रक्त कमी असणं ही इतकी नेहमीची गोष्ट आहे की थकवा हा बाईचा स्वभाव समजला जातो. रक्त तपासायला सुई काढली आणि निम्म्या बाया मागच्या दाराने जंगलात पसार झाल्या. शहरातले लोक रक्त नेऊन विकतात, अशी तिथे समजूत. एक म्हातारी मात्र हलली नाही. ती मला म्हणाली, "माह्या रक्ताचं काय करता जी तुमी? खरं सांगा." तिच्या डोळ्यांत मला माझीच नजर दिसली आणि ती मला फार आवडली.

म्हणून मी बोटाला लावायचा एक चिमटा बनवायला घेतला. सुई नाही, रक्ताचा थेंब नाही. एका बाजूने दोन प्रकारचा प्रकाश बोटातून जायचा, दुसऱ्या बाजूला किती उरला ते मोजायचं आणि त्यावरून हिमोग्लोबिनचा अंदाज काढायचा. सांगायला सोपं, करायला अकरा वर्षं लागली. विद्यार्थ्यांच्या बोटांवर, दवाखान्यातल्या रक्ततपासणीशी ताडून, पहिले चिमटे बरोबर चालले. मग आरमोरीच्या आसपासच्या वीस गावांत वर्षभर वापरून बघायची परवानगी मिळाली. त्यासाठी वीस नवे चिमटे बनवले आणि प्रत्येक गावच्या आशाताईला, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्तीला, एकेक दिला.

प्रत्येक चिमट्यातले दिवे थोडे वेगळे असतात. त्यामुळे बाहेर पाठवण्याआधी तो एकदा जुळवून घ्यावा लागतो. ज्याचं हिमोग्लोबिन माहीत आहे अशा माणसाचं बोट त्यात घालायचं आणि यंत्र तोच आकडा दाखवेपर्यंत आतलं सेटिंग फिरवायचं. सुट्ट्या चालू होत्या, विद्यार्थी गावी गेलेले. वीसही चिमटे मी एकट्याने दोन दिवसांत जुळवले. कोणावर अवलंबून राहावं लागलं नाही याचं मला समाधान होतं.

गावांत संशय होताच. लाल उजेडाने रक्त ओढून घेतात, अशी बातमी पसरली. एका गावात म्हाताऱ्याने चिमटा काढल्यावर बोट उजेडात धरून पाहिलं आणि "बारीक झालं" असं जाहीर केलं. पण सुई नव्हती, म्हणून हळूहळू बाया यायला लागल्या. आशाताई चिमटा लावायची, दिसलेला आकडा रजिस्टरमध्ये लिहायची. आकडा यंत्राच्या आतही साठवला जायचा, हे मी आशाताईंना मुद्दाम सांगितलं नव्हतं. संशयी माणूस कुलूप लावून वर दाराला दोराही बांधतो, तशातला प्रकार.

तीन महिन्यांनी माझ्या हाताखाली पीएचडी करणाऱ्या मुलीने दोन्हीकडचे आकडे समोरासमोर मांडले. एकोणीस गावांत रजिस्टर आणि यंत्र तंतोतंत जुळत होतं. विसाव्या गावात पहिल्या आठ-दहा नोंदी जुळल्या, आणि नंतर प्रत्येक नोंदीत रजिस्टरचा आकडा यंत्रापेक्षा कमी होता. यंत्रात तेरा, रजिस्टरात नऊ. यंत्रात बारा, रजिस्टरात आठ. प्रत्येक वेळी बरोबर चारने कमी. शेऱ्याच्या रकान्यात एके ठिकाणी लिहिलं होतं, "मशीन जास्त दाखवते."

मला आनंद झाला. चोर पकडल्याचा आनंद काय असतो ते संशयी माणसालाच ठाऊक. माझा विचार असा चालला की खोटं बोलणारा माणूस आळशी असतो. खऱ्या मोजमापात फरक इकडेतिकडे सांडलेला असतो, कधी तीन, कधी पाच. इथे सगळीकडे चार, म्हणजे बाई घरी बसून वजाबाकी करते आहे. का करते, याचंही उत्तर मी शोधलं. यादीत तिच्याच बहिणीची मुलगी होती, त्याच गावात दिलेली, सातवा महिना चालू असलेली. तिच्या नावापुढे यंत्रात अकरा आणि रजिस्टरात सात. सात म्हणजे तातडीने जिल्ह्याला न्यायची, रक्त चढवायची वेळ. अकरा म्हणजे गोळ्या घे आणि घरी जा. भाचीला मोठ्या दवाखान्यात खाट मिळावी म्हणून मावशीने अख्ख्या गावाचे आकडे उतरवले, असं मी ठरवून टाकलं.

विद्यार्थिनी म्हणाली, "सर, ताईंचा मला मागे फोन आला होता. मशीन चुकते असं त्या सांगत होत्या. एकदा बघायचं का?"

"चूक यंत्राची असती तर बाकीच्या एकोणीस जणी ओरडल्या नसत्या का?" मी म्हणालो. तिने लॅपटॉप मिटला. गाईडपुढे गप्प बसायची कला मीच तिला शिकवली होती.

मी तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांना पत्र लिहिलं. त्या गावातले आकडे हाताने कमी केल्याचा संशय आहे, निर्णय घेताना रजिस्टर धरू नये, यंत्रातली नोंद धरावी. पत्र मी तीनदा तपासलं. भाषेत एकही चूक नव्हती.

नंतर आठवडाभराने, न कळवता, मी त्या गावी निघालो. डिसेंबर होता. मूल गाव मागे पडल्यावर दोन्ही बाजूंना धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्या आणि मधूनमधून चुरणं, म्हणजे धानाची मळणी, चाललेलं. माझे गुडघे दुखत होते. वर्ष-दीड वर्षं मी केमिस्टकडून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्यांवर गाडी चालवत होतो. जिना चढताना धाप लागायची, पण साठी जवळ आली की लागते, असं मी स्वतःला सांगितलं होतं. स्वतःला सांगितलेल्या गोष्टी मी तपासत नसे.

आशाताई घराच्या ओसरीत होत्या. पंचेचाळिशीच्या, सडपातळ, कपाळाला आठ्या. सभोवती पाच-सहा बाया. त्यांच्यात एक पोटुशी मुलगी भिंतीला टेकून बसली होती, ती भाची हे सांगावं लागलं नाही. तिचे ओठ आणि तळहात एकाच रंगाचे दिसत होते. मी ते पाहिलं, आणि उन्हाच्या तिरिपेचा परिणाम असेल म्हणून सोडून दिलं.

"या सर," आशाताई म्हणाल्या. "पत्र पोचलं तुमचं."

त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. सांगत होत्या बाकीच्या बायांनाच, "हेच ते सर. मले खोटी म्हनणारे." मग माझ्याकडे वळून, "इले दोनदा दवाखान्यात नेली मी. एकदा पत्राच्या आधी, एकदा नंतर. पयल्या वेळी लॅबवाला सुट्टीवर होता, मंगळवारी या म्हने. दुसऱ्या वेळी म्हने, रजिस्टर चालत नाई, मशीन अकरा दाखवून राह्यली, अकरा म्हंजे ठीक हाय, घरी जा. तुमचंच पत्र दाखवलं त्याइनं मले."

मी चौकशीच्या सुरात विचारलं, "प्रत्येक आकडा चारने कमी का लिहिला?"

"कारण मशीन चारनं जास्त दाखवते."

"हे कोणी सांगितलं?"

"मशीननंच." त्या आत गेल्या आणि एक घडी घातलेला कागद घेऊन आल्या. जिल्ह्याच्या दवाखान्यातला त्यांचा स्वतःचा रिपोर्ट होता. "आमचं शिबिर होतं तवा माहं रक्त काढलं. दहा निघालं. घरी येऊन मशीन लावली तं चौदा. दुसऱ्या दिवशी लावली, चौदा. चुलीजवळ हात गरम करून लावली, तरी चौदा. मंग सगळ्याइचे चार कमी करून लिवली. तुमच्या पोरीले फोन करून सांगतली बी."

ज्याने तीस वर्षं वर्गात ऑफसेट एरर शिकवला, त्याला हे ऐकून त्याच क्षणी कळायला हवं होतं. सगळीकडे सारखाच फरक, म्हणजे माणूस खोटा नाही, यंत्राचं शून्य सरकलेलं आहे. हा सेन्सरचा पहिला धडा. परीक्षेत दोन मार्कांना येतो. पण मी त्या बाईला चोर ठरवून आलो होतो, आणि चोराने दिलेला पुरावा कोणी वाचत नाही. मी म्हणालो, "दवाखान्याचा रिपोर्टही चुकीचा असू शकतो."

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. आशाताई उठल्या, माझ्या अगदी जवळ आल्या आणि म्हणाल्या, "डोळा दाखवा."

"काय?"

"डोळा दाखवा जी." परवानगीची वाट न बघता त्यांनी अंगठ्याने माझी खालची पापणी खाली ओढली. हाताला धानाच्या कोंड्याचा वास होता. त्यांनी दोन्ही डोळे पाहिले, मग माझा हात उलटा करून नखं पाहिली. "सर, तुमचंच रक्त कमी हाय. पांढरंफटक हाय बाप्पा. धाप लागते का तुमाले?"

एका बाईने तोंडाला पदर लावला. मला संताप आला. मी चिमटा मागितला आणि सगळ्यांसमोर माझ्या बोटाला लावला. आकडा आला चौदा. "बघा," मी म्हणालो.

त्या म्हणाल्या, "मंग दहाच."

चौदा. बोट अजून चिमट्यातच होतं आणि मला ती सुट्टीतली प्रयोगशाळा आठवली. वीस चिमटे, एक बोट, माझंच. त्या बोटाच्या मालकाचं हिमोग्लोबिन चौदा, असं सांगणारा रिपोर्ट दोन वर्षांपूर्वीचा, माझ्या टेबलाच्या खणात. त्यानंतर मी रक्त तपासलंच नव्हतं. यंत्र चौदा दाखवणारच होतं. मी त्याला तेच शिकवून पाठवलं होतं. मी बोट चिमट्यातून काढलं.

मी आशाताईंना काही समजावून सांगितलं नाही. तेवढा धीर नव्हता. इतकंच म्हणालो, "हिला घेऊन गाडीत बसा. आत्ता." भाचीचा नवरा चुरण्यावर होता, त्याच्यासाठी थांबलो नाही. गडचिरोलीपर्यंत मी गाडी कुठे थांबवली नाही. मुलगी मागच्या सीटवर मावशीच्या खांद्यावर डोकं ठेवून होती आणि मी आरशात पुन्हा पुन्हा तिचा श्वास बघत होतो.

जिल्ह्याच्या ठिकाणी आम्ही दोघांनीही रक्त दिलं, ती आणि मी, एकाच बाकावर बसून. अर्ध्या तासाने रिपोर्ट आले. तिचं सातच्याही खाली. माझं दहा. सवयीने माझ्या तोंडून निघालं, "पुन्हा एकदा लावून बघता का?" टेक्निशियनने चष्म्यावरून पाहिलं. "दोघांचंही चुकलं म्हणता का सर?" मी नाही म्हणालो.

तिला त्याच दिवशी दाखल करून घेतलं, रक्त चढवलं. तिथल्या डॉक्टर बाई आशाताईंना म्हणाल्या की आणखी थोडं थांबला असतात तर आम्हाला फार काही करता आलं नसतं. त्या आशाताईंना म्हणाल्या, पण ऐकलं मी. फेब्रुवारीत तिला मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. मला दुखण्याच्या गोळ्यांनी पोटात जखम करून ठेवली होती आणि तिच्यातून थेंब थेंब रक्त जात होतं, हे पुढच्या तपासण्यांत निघालं. बायकोने एवढंच विचारलं की वांगी तोलणाऱ्या माणसाला स्वतःच्या धापेचा संशय कसा आला नाही.

मी दुसरं पत्र लिहिलं. चूक माझी आहे, रजिस्टर बरोबर आहे, वीसही यंत्रं परत मागवा. पण कागदावरचा डाग कागदाने पुसला जातो, गावातला नाही. आशाताईंच्या ओसरीत बाया यायच्या बंद झाल्या होत्या. सरकारी पत्रात खोटी म्हटलेली बाई ती, तिला कशाला बोट द्यायचं. त्या माझ्याशी फोनवर फक्त कामाचं बोलायच्या. म्हणून मी पुन्हा त्या गावी गेलो आणि शाळेच्या व्हरांड्यात सगळ्यांना बोलावून, उभं राहून सांगितलं की या बाईने खरं लिहिलं, खोटं माझ्या बोटाने सांगितलं. आयुष्यात भाषणं पुष्कळ केली, इतका घाम कधी फुटला नाही.

मागून एका म्हाताऱ्याने विचारलं, "मंग आता तुमच्यावर काऊन इस्वास ठेवावा आमी?"

"ठेवू नका," मी म्हणालो. "या ताई म्हणतील तेव्हाच मशीन लावा."

आशाताई पुढे आल्या. त्या माझ्याबद्दल काहीतरी बरं बोलतील, अशी मला वेडी आशा होती. त्या म्हणाल्या, "बसा सर. डोळा दाखवा." आणि सगळ्या गावासमोर त्यांनी माझी पापणी ओढून पाहिली. मग बायांकडे वळून म्हणाल्या, "थोडं भरलं हाय. अजून कमी हाय." बाया हसल्या. दोघी-तिघी उठून त्यांच्याजवळ येऊन बसल्या. आता मी कधीही गेलो की ओसरीवर आधी हेच होतं, चहा त्यानंतर. मी आता निवृत्त झालोय. नवे चिमटे विद्यार्थिनी जुळवते, पाच माणसांवर, आणि पाचही जणांचं रक्त त्याच सकाळी तपासलेलं असतं.

उरलेल्या एकोणीस गावांचं मात्र राहिलं होतं. तिथल्या आशाताईंनी मी सांगितलं तसंच केलं होतं. मशीन म्हणेल ते लिहिलं, आणि बायांना ठीक आहे सांगून घरी पाठवलं. त्या यादीतून चार वजा करत मी एक दिवस बसलो. मग आम्ही गावोगाव फिरलो, एकेकीला गाठून सुईने रक्त तपासलं. बऱ्याचजणी सापडल्या. काहीजणी तेलंगणात मिरची तोडायला गेल्या होत्या. त्यांच्यातल्याही बहुतेकींना विसाव्या गावच्या त्याच आशाताईंनी नातेवाइकांच्या फोनवरून शोधून काढलं, माझ्यावरचा राग न सोडता.

तिघींचा पत्ता लागला नाही. एकीचा फोन बंद आहे, दोघींकडे फोनच नाही. मिरचीहून परत येणारी गाडी दिसली की आशाताई अजून चौकशी करतात. यंत्रात त्या तिघींच्या नावापुढे बारा, साडेअकरा आणि बारा असे आकडे आहेत. मी ते दुरुस्त केलेले नाहीत. त्या भेटल्या की त्यांच्यासमोर करीन.